पहारेकऱ्यावरही पहारा : जेरेमी बेंथॅम

शिक्षा हे स्वतःच एक अनिष्ट आहे. तिच्यामुळे त्याहून मोठे अनिष्ट टळणार असेल, तरच ती द्यावी, असा विचार मांडणारे ब्रिटिश तत्त्वज्ञ आणि कायदेसुधारक जेरेमी बेंथॅम यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७४८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वकील होते आणि मुलाने त्याच व्यवसायात नाव काढावे, अशी त्यांची इच्छा होती. वयाच्या बाराव्या वर्षीच जेरेमी ऑक्सफर्डला दाखल झाले. १७६९ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली; परंतु वकिली त्यांनी जवळजवळ केलीच नाही. कायदा चालवण्यापेक्षा तो बदलण्याकडेच त्यांचा ओढा होता.

तत्कालीन इंग्लंडमध्ये दीडशेहून अधिक गुन्ह्यांना देहान्ताची शिक्षा होती. खिसेकापू आणि दुकानातील चोरही त्यातून सुटत नसत. परिणाम मात्र उलटाच होई. किरकोळ चोरीपायी माणूस फासावर जाईल, या धास्तीने फिर्यादी मागे सरत आणि ज्यूरी चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवीत. इटालियन विचारवंत बेकारिया यांच्या १७६४ मधील ग्रंथाने बेंथॅम प्रभावित झाले होते. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नीती व विधिनियमनाच्या तत्त्वांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी शिक्षेचे गणितच मांडले. गुन्ह्यातून होणाऱ्या लाभापेक्षा शिक्षेचे दुःख अधिक असावे, पण गरजेपेक्षा तसूभरही अधिक नसावे. शिक्षा होणारच ही खात्री जितकी अधिक आणि ती जितकी सत्वर, तितकी ती सौम्य असली तरी धाक राहतो.

१७८५ मध्ये ते रशियाच्या साम्राज्यात, आजच्या बेलारुसमधील क्रिचेव येथे गेले. त्यांचे बंधू सॅम्युअल तेथे पोटेम्किन यांच्या जहागिरीवर काम करीत होते. मध्यभागी बसून सर्व कामगारांवर देखरेख करता येईल अशा इमारतीची कल्पना मूळची या बंधूंची. जेरेमींनी ती तुरुंगाला लावली आणि १७९१ मध्ये ‘पॅनॉप्टिकॉन’ या नावाने प्रसिद्ध केली. वर्तुळाकार इमारत, कडेने कोठड्या, मधोमध निरीक्षकाची खोली. कोठडीत प्रकाश, निरीक्षकाच्या खोलीवर पडदे. आपल्यावर या क्षणी नजर आहे की नाही, हे कैद्याला कळू नये, म्हणजे तो सदैव नजरेखाली असल्यासारखाच वागेल, हे त्यातील मर्म.

या योजनेचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तुरुंग चालवणाऱ्या ठेकेदारालाही बेंथॅम यांनी हिशेबात बांधले होते. वर्षाकाठी किती कैदी दगावतील याचा अंदाज बांधून तेवढ्यांची रक्कम त्याला आधी द्यायची आणि प्रत्यक्षात झालेल्या प्रत्येक मृत्यूमागे ती परत वसूल करायची. म्हणजे कैदी जगवण्यातच त्याचा फायदा! सुटलेला कैदी पुन्हा गंभीर गुन्ह्यात सापडला, तरी भुर्दंड त्यालाच. जमाखर्च छापून प्रसिद्ध व्हावा आणि तुरुंगाचे दार पाहणाऱ्या जनतेला खुले असावे, हाही त्यांचा आग्रह होता.

या तुरुंगासाठी त्यांनी सुमारे वीस वर्षे वेचली, वडिलोपार्जित पैसाही ओतला. १७९४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. पण आपल्या शेजारी तुरुंग नको, म्हणून बड्या जमीनमालकांनी अडथळे आणले. १७९९ मध्ये मिलबँक येथे जागा मिळाली, तरी सरकारची चालढकल संपेना. अखेर १८११ मध्ये संसदीय समितीने योजना नाकारली. खासगी ठेकेदाराच्या हाती कैदी सोपवणे तिला मान्य नव्हते. १८१३ मध्ये बेंथॅम यांना २३ हजार पौंडांची भरपाई मिळाली. त्या जागेवर १८१६ मध्ये वेगळ्याच आराखड्याचा तुरुंग सुरू झाला. तोही पुढे पाडला गेला आणि १८९७ मध्ये तेथे टेट कलादालन उभे राहिले.

६ जून १८३२ रोजी बेंथॅम यांचे निधन झाले. खुन्यांचे मृतदेह विच्छेदनासाठी दिले जात, त्या काळात त्यांनी आपला देह स्वेच्छेने विच्छेदनास दिला. त्यांचा सांगाडा, त्यांच्याच पोशाखात, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आजही आहे. मेकॉले यांनी मसुदा केलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेवर त्यांच्या विचारांची छाप होती. १ जुलै २०२४ रोजी तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये पॅनॉप्टिकॉनकडे आधुनिक सत्तेचे प्रतीक म्हणून पाहिले. १९८३ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत एका न्यायाधीशांनी दोषींच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधण्याची शिक्षा सुरू केली आणि तो मनोरा भिंतींबाहेर पडला. केंद्र सरकारच्या २०२३ च्या आदर्श कारागृह अधिनियमातही रजेवरील कैद्यासाठी अशा उपकरणाची तरतूद आहे. तर जामिनावरील आरोपीने मोबाइलद्वारे आपला ठावठिकाणा सतत पोलिसांना कळवावा ही अट, खासगीपणाच्या हक्काचा भंग म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अमान्य केली. बेंथॅम यांच्या योजनेतील कैद्यावरची नजर जगाने उचलली. नजर ठेवणाऱ्याचा जाहीर हिशेब मात्र त्यांच्या कागदांतच राहिला.