दगड ओळखणारे मोस

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचे काम चालू होते. सुरुंग उडाला आणि काळ्या दगडाच्या पोकळीत एक पांढरा, लखलखीत खडा सापडला. तात्यांना वाटले, हा हिराच! विहिरीपायी कर्ज झालेले, पाण्याचा तर पत्ता नाही. दोन रात्री घरात कुणाला धड झोप नाही. तिसऱ्या दिवशी मी खडा फडक्यात बांधून शाळेत आणला. गुरुजींनी तो हातात घेतला आणि आधी मला एका माणसाची हकिगत सांगितली. तीच इथे लिहितो.

फ्रीडरिख मोस यांचा जन्म १७७३ साली जर्मनीत गेर्नरोडे गावी झाला. फ्रायबर्गच्या खाणशाळेत ते वेर्नर गुरुजींकडे शिकले. पुढे खाणीवर मुकादमीही केली. १८०२ साली ते ऑस्ट्रियात गेले. व्हिएन्नाच्या एका पेढीवाल्याने पुष्कळ खनिजे जमवली होती, ती लावून द्यायचे काम त्यांना मिळाले. आता कुठला खडा कुठला, हे ठरवायचे कसे? दगड विरघळवून आत काय आहे ते बघावे, असे रसायनवाले म्हणत. पण त्यात खडाच संपतो की! झाड जसे पानाफुलांवरून ओळखतात, तसा दगड त्याच्या आकारावरून, वजनावरून, कठीणपणावरून ओळखावा, असे मोस यांनी ठरवले. रसायनवाल्यांना ते पटले नाही.

१८१२ च्या सुमारास, ग्रात्स येथे प्राध्यापक असताना, त्यांनी दहा खनिजांची उतरंड लावली. सर्वांत मऊ शंखजिरे, त्याला नंबर १. कॅल्साइट ३, गार ७, पुष्कराज ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. वरचा खालच्यावर ओरखडा काढतो, एवढीच युक्ती. हे नुसते क्रमांक आहेत बरं का, मापे नव्हेत. ९ आणि १० मधले अंतर फार मोठे आहे. नखाचा नंबर अडीच आणि चाकूचा साडेपाचच्या आसपास.

१८१८ साली मोस फ्रायबर्गला वेर्नर यांच्याच जागेवर आले, १८२६ साली व्हिएन्नाला गेले. १८३९ साली प्रवासात असताना इटलीतील आगोर्दो येथे ते वारले.

मग गुरुजींनी खडा माझ्याकडे दिला. नखाने काही झाले नाही. चाकूने मात्र सरळ ओरखडा उठला. माझे तोंडच उतरले. एक कोपरा ठोकला तर तिरक्या पेटीसारखे तुकडे पडले. कॅल्साइट!

घरी सांगितले. तात्या काही बोलले नाहीत, पहार घेऊन विहिरीकडे गेले. खडा आता शाळेच्या कपाटात आहे, ओरखड्यासकट.

— इयत्ता सातवी