जॉन स्टो : एका शहराचें चरित्र लिहिणारा शिंपी

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहिणारे लेखक पुष्कळ झाले. परंतु एका शहराचें चरित्र लिहिण्यांत आपलें सारें आयुष्य वेंचणारा पुरुष विरळाच. इंग्लंडांत जुन्या इमारती, जुने रस्ते आणि सामान्य लोकांची राहणी यांविषयीं लोकप्रिय पुस्तकें लिहिण्याची मोठी परंपरा आहे. त्या परंपरेच्या उगमाशीं पाहूं गेल्यास एक शिंपी दृष्टीस पडतो. त्याचें नांव जॉन स्टो. त्याची हकीकत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगूं इच्छितों.

स्टो याचा जन्म सुमारें १५२५ सालीं लंडन शहरांतील कॉर्नहिल भागांत झाला. त्याचा बाप थॉमस हा चरबीच्या मेणबत्त्या करून विकीत असे. त्या वेळीं शहराचा तट ओलांडला कीं शेतें लागत. ऑल्डगेट वेशीबाहेर संन्यासिनींच्या मठाची शेती होती. तेथून लहानगा जॉन घरीं दूध आणी. उन्हाळ्यांत अर्ध्या पेनीस तीन पाइंट आणि हिवाळ्यांत दोन पाइंट दूध मिळे, आणि तेंहि नुकतेंच काढलेलें, ऊन ऊन!

याच सुमारास घडलेली एक गोष्ट त्याच्या मनांत कायमची कोरली गेली. आठवा हेन्री राजा याचा प्रबळ मंत्री थॉमस क्रॉमवेल यानें स्टो याच्या बापाच्या बागेशेजारीं मोठा वाडा बांधिला. आपली बाग अपुरी वाटल्यावरून त्यानें कोणास कांहीं एक न कळवितां शेजाऱ्यांचीं कुंपणें उपटून २२ फूट आंत सरकविलीं. बापाच्या बागेंत एक लहानसें घर होतें. तें रुळांवर चढवून तसेंच २२ फूट ढकलून दिलें. बापास वार्ता लागली तेव्हां काम उरकलें होतें. बाग अर्धी झाली, परंतु भाडें मात्र पूर्वींइतकेंच भरावें लागलें. मंत्र्यापुढें बोलण्याची छाती कोणाची? पुढें मंत्र्याचें शिर राजानेंच उडविलें. वाडाहि परहस्तगत झाला. परंतु सुमारें साठ वर्षांनीं त्या मेणबत्तीवाल्याच्या मुलानें हा अन्याय पुस्तकांत लिहून ठेविला, आणि तो आजहि लोक वाचतात.

स्टो विद्यापीठांत गेला नाहीं. तो शिंपीकाम शिकला, आणि १५४७ सालीं शिंप्यांच्या प्रतिष्ठित मंडळींत, म्हणजे मर्चंट टेलर्स कंपनींत, दाखल झाला. ऑल्डगेटजवळच्या विहिरीपाशीं त्याचें घर होतें. त्याच्या डोळ्यांदेखत जुनें लंडन नाहींसें होत होतें. राजानें मठ मोडले, आणि त्यांच्या भव्य इमारती दरबारी लोकांच्या हातीं गेल्या. ऑल्डगेटचें मोठें मठमंदिर पाडून नेण्यास कोणी फुकटहि पुढें येईना. शेवटीं तें पाडल्यावर सहा-सात पेन्सांत गाडीभर दगड घरपोंच मिळूं लागला. दुसऱ्या एका मठांतील सरदारांचीं थडगीं व फरशी एका धनिकानें अवघ्या १०० पौंडांस विकून तेथें घोड्यांच्या पागा केल्या. हें सारें नष्ट होतांना पाहून या शिंप्यास वाटलें कीं, दगड वांचविणें आपल्या हातीं नाहीं, परंतु आठवण राखणें आहे.

१५६१ सालीं त्यानें चॉसर कवीचे ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले, आणि १५६५ सालीं इंग्लंडच्या इतिहासाचा एक संक्षेप छापिला. धंद्यांतील लाभाकडे त्यानें हळूहळू पाठ फिरविली. जुनीं हस्तलिखितें विकत घेण्यांत त्याचा पैसा जाई. त्याला घोड्यावर बसतां येत नसे. म्हणून दूरदूरच्या ख्रिस्तमंदिरांतील कागदपत्र पाहण्यास तो पायींच जाई. १५६९ सालीं, त्याच्याजवळ निषिद्ध धर्मपुस्तकें आहेत अशा संशयानें, लंडनच्या बिशपाच्या माणसांनीं त्याच्या घराची झडती घेतली. परंतु तो आपल्या मार्गावरून ढळला नाहीं.

अखेर १५९८ सालीं त्याचा 'लंडनची पाहणी' हा ग्रंथ बाहेर पडला. त्यांत तो वाचकास बरोबर घेऊन शहराच्या सव्वीस विभागांतून जणूं पायीं फिरवितो. ही विहीर कोणी खणिली, हें मंदिर कोणी बांधिलें, या गल्लींत पूर्वीं कोण राहत, अमक्या दात्याचा पैसा गरिबांस पोंचतो कीं नाहीं, सर्व तो सांगतो. सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट या मंदिराचें नांव कसें पडलें, तेंहि त्यांतच वाचावें. मे महिन्याच्या उत्सवांत तेथें मंदिराच्या शिखराहून उंच असा खांब उभारीत. १५४९ सालीं एका उपदेशकानें त्या खांबास मूर्तिपूजा ठरविलें. त्याच दिवशीं दुपारीं शेजाऱ्यांनीं तो कापून जाळून टाकिला. तें प्रवचन स्टो यानें स्वतः ऐकलें होतें, आणि त्याचा परिणामहि डोळ्यांनीं पाहिला होता.

या श्रमांचा मोबदला काय मिळाला? या ग्रंथाबद्दल त्याला तीन पौंड आणि चाळीस प्रती मिळाल्या! वार्धक्यांत पायांच्या दुखण्यानें त्याला ग्रासलें, तेव्हां ज्या अवयवांस आपण इतकें राबविलें त्यांनींच दावा साधला, असें तो हंसत म्हणे. १६०४ सालीं पहिल्या जेम्स राजानें त्याला कृपा म्हणून काय दिलें, तर लोकांपासून वर्गणी मागण्याचा परवाना! लंडनच्या एका पॅरिशनें साडेसात शिलिंग दिले. पुढील वर्षाच्या एप्रिल महिन्यांत तो निवर्तला, आणि त्याच सेंट अँड्र्यू मंदिरांत त्याला मूठमाती मिळाली. त्याची पत्नी एलिझाबेथ हिनें तेथें त्याची मूर्ति बसविली. स्टो मेजाशीं बसून लिहीत आहे, आणि हातांत पिसाची लेखणी आहे.

यानंतर ६१ वर्षांनीं, १६६६ च्या सप्टेंबरांत, लंडनास भयंकर आग लागली. चार दिवसांत सुमारें १३,२०० घरें व ८७ मंदिरें भस्मसात् झालीं. स्टो ज्या गल्ल्यांतून हिंडला होता, त्यांपैकीं बहुतेकांची राख झाली. तेव्हांपासून जुनें लंडन पाहूं इच्छिणाऱ्यास त्या गरीब शिंप्याच्या पुस्तकाचेंच दार ठोठवावें लागतें. त्याचें मंदिर मात्र त्या आगींतून वांचलें, आणि दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावांतूनहि वांचलें. आज त्याच्याभोंवतीं गगनचुंबी इमारती उभ्या आहेत. तरी दर तीन वर्षांनीं तेथें समारंभपूर्वक स्टो याच्या हातीं नवें पीस देतात.

विद्यार्थिमित्रहो, स्टो याच्यापाशीं धन नव्हतें, पदवी नव्हती, अधिकारहि नव्हता. त्याच्यापाशीं होते दोन पाय, दोन सावध डोळे आणि खरें तेंच लिहिण्याची निष्ठा. तुमच्या घरीं वृद्ध आजोबा-आजी असतील. आपली विहीर कोणीं खणिली, शाळेपूर्वीं या जागीं काय होतें, हें त्यांना आजच विचारा, आणि वहींत तारीख घालून लिहून ठेवा. पालकांनींहि मुलांस उत्तर देण्यास थोडी सवड काढावी, अशी आमची विनंति आहे. सांगणारा निघून गेल्यावर विचारावयाचें कोणास?