भाष्यकार इब्न रश्द

भाष्यकार म्हटले की आपल्यासमोर शंकराचार्य, रामानुज उभे राहतात. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत मात्र नुसते 'भाष्यकार' म्हटले, की तो एकच गृहस्थ असे. आणि तो ख्रिस्ती नव्हता, स्पेनमधील कॉर्डोबा शहराचा मुसलमान काझी होता. त्याचे नाव इब्न रश्द. लॅटिन पंडितांनी त्याचे 'अव्हेरोईस' करून टाकले.

जन्म ११२६ चा. आजोबा कॉर्डोब्याचे मुख्य काझी, वडीलही काझी. तेव्हा कायदा घरातच होता. वैद्यक आणि तत्त्वज्ञान त्याने पुढे मिळविले. ११६९ च्या सुमारास इब्न तुफैल या वृद्ध तत्त्वज्ञाने त्याला खलिफा अबू याकूब यूसुफ याच्यापुढे नेले. खलिफाने एकदम विचारले, की आकाश अनादी आहे की निर्माण झालेले? अनादी म्हणावे तर धर्मपंडित खवळणार, निर्मित म्हणावे तर ॲरिस्टॉटलला सोडावे लागणार! इब्न रश्द घाबरला. तत्त्वज्ञानाशी आपला संबंधच नाही, असे त्याने सांगून टाकले. मग खलिफाच इब्न तुफैलशी त्या विषयावर जाणकाराप्रमाणे बोलू लागला, तेव्हा कुठे याची जीभ सुटली. या भीतीबद्दल त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. ती अनाठायी नव्हती, हे पुढे दिसलेच.

ॲरिस्टॉटल दुर्बोध आहे, ही खलिफाची तक्रार इब्न तुफैलने त्याच्या कानी घातली, आणि सेव्हिल व कॉर्डोब्याचे काझीपद सांभाळीत त्याने भाष्यांचा डोंगर रचला. लहान, मध्यम, मोठी अशी तीन प्रकारची भाष्ये. ग्रीक त्याला येत नव्हते. सारी भिस्त अरबी भाषांतरांवर. गझालीने तत्त्वज्ञांवर केलेल्या प्रहाराला त्याने ग्रंथानेच उत्तर दिले. सिद्ध झालेले सत्य आणि धर्मग्रंथाचा शब्द यांत विरोध दिसला, तर शब्दाचा लाक्षणिक अर्थ घ्यावा, असे त्याचे मत. मात्र ही चर्चा सामान्यांपुढे नको, असेही तो म्हणे. हे मला पटत नाही. पण स्त्रियांना केवळ बाळंतपण व संगोपनात गुंतविल्याने नगरे दरिद्री होतात, हे १२ व्या शतकात लिहिणाराही तोच.

११९५ मध्ये नव्या खलिफाने, याकूब अल् मन्सूरने, त्याला लुसेना गावी हद्दपार केले. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले गेले. ख्रिस्ती राज्यांशी युद्ध चालू असता धर्मपंडितांना राजी राखण्यासाठी हे झाले, असे अनेक इतिहासकार मानतात. पुढे कृपा झाली, पण १० डिसेंबर ११९८ रोजी मराकेश येथे तो वारला. शव कॉर्डोब्यास नेताना जनावराच्या एका बाजूस शवपेटी आणि तोल राखण्यास दुसऱ्या बाजूस त्याचेच ग्रंथ होते. इब्न अरबी या सूफीने हे स्वतः पाहिले.

ज्यू पंडितांनी त्याला हिब्रूत नेले, मायकेल स्कॉट आदींनी लॅटिनमध्ये. थॉमस अक्वायनसने त्याच्याशी वाद घातला आणि त्याच्याकडून शिकलाही. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरविली. त्यांतली काही त्याच्या अनुयायांची समजली जातात. स्त्रियांविषयीचे ते विवेचन प्लेटोच्या 'रिपब्लिक'वरील भाष्यात आहे. त्याचे अरबी मूळ हरवले, हिब्रू भाषांतर उरले. आत्म्यावरील मोठे भाष्य तर आज संपूर्ण वाचायचे झाल्यास लॅटिनमध्येच वाचावे लागते.