व्हायोलिनला गायला लावणारे डोंबिवलीचे गजाननबुवा

डोंबिवली : लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेट, भजनातली पेटी आणि मैफलीतलं व्हायोलिन, ही तिन्ही वाद्यं मुळात परदेशी. पण आज मुरबाड-शहापूरकडच्या कुठल्याही भजनी मंडळाला विचारा, पेटी परकी आहे असं कुणालाच वाटत नाही. कलाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेतली, म्हणूनच परकं वाद्य आपलं झालं. उत्तर हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनसाठी अशी मेहनत घेणाऱ्यांत मोठं नाव म्हणजे पंडित गजाननबुवा जोशी. आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या डोंबिवलीत राहत होते.

बुवांचा जन्म १९११ साली मुंबईत गिरगावात झाला. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतूबुवा, हे नामवंत गवई. ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे अंतूबुवांचे गुरू. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात अंतूबुवा दरबार गायक होते. त्यामुळे गजाननाला गाण्याची तालीम घरातच मिळाली.

हातात घेतलं व्हायोलिन

गवयाच्या मुलानं गवईच व्हायचं, अशी तेव्हाची रीत. गजाननबुवांनी मात्र गाण्याबरोबर व्हायोलिनही हाती घेतलं. त्या काळी दक्षिणेत कर्नाटक संगीतात हे वाद्य चांगलं रुजलं होतं. आपल्याकडे त्याची वाट अजून तयार व्हायची होती. बुवांनी ती बरीचशी स्वतःच शोधली.

व्हायोलिनला चार तारा असतात, पण सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं तरी सूर बिघडतो. म्हणून ते वाजवायला अवघड. पण पडदे नाहीत म्हणूनच एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. यालाच मींड म्हणतात. शिवाय गज फिरत राहिला की सूर तुटत नाही, गळ्यातून निघाल्यासारखा लांबतो. बुवांच्या डोक्यात ख्याल पक्का बसलेला होता. तोच त्यांनी तारांवर आणला. आधी बंदिश, मग संथ आलाप, मग लयीशी खेळ आणि शेवटी ताना, असं गायकी अंगाचं वादन त्यांनी केलं. लयीवर त्यांची पकड जबरदस्त होती. आकाशवाणीतही त्यांनी काम केलं.

घराण्यांच्या भिंती ओलांडल्या

नाव झाल्यावर पुन्हा शिष्य होऊन बसायला मोठं मन लागतं. त्या काळी घराण्याची विद्या तिजोरीसारखी जपली जायची. एका घराण्याच्या माणसानं दुसरीकडे शिकायला जाणं अनेकांना रुचायचं नाही. बुवा मात्र गेले. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ आणि जयपूर घराण्याचे भूर्जी खाँ यांच्याकडेही ते शिकले.

ग्वाल्हेरचा मोकळा, सरळ राग, आग्र्याची लयकारी आणि जयपूरचे अनवट राग या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे आल्या. तरी त्यांची खिचडी त्यांनी होऊ दिली नाही. प्रत्येक घराण्याचा बाज ते वेगळा ओळखत आणि तसाच शिकवत.

१९७२ साली व्हायोलिन वादनासाठी त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी १९५५ साली अंतूबुवांनाही गायनासाठी हाच पुरस्कार मिळाला होता. एकाच घरात बाप आणि लेक दोघांनाही हा मान मिळाला.

डोंबिवलीतली शाळा

बुवांची खरी कमाई मात्र त्यांचे शिष्य. पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे, उल्हास कशाळकर अशा मोठ्या गायकांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. मुलगा मधुकर जोशी यांनी व्हायोलिन पुढे नेलं, तर नाती अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी गाणं पुढे नेत आहेत.

कशाळकर मूळचे विदर्भातले. ठाण्यातले पं. राम मराठे आणि डोंबिवलीचे गजाननबुवा हे दोघंही त्यांचे गुरू. पुढे २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठं संगीत मुंबई-पुण्यातच घडतं असं आपण समजतो. पण त्यातलं बरंच मध्य रेल्वेच्या याच पट्ट्यात, साध्या घरांत घडलं.

औंधचं नातंही बुवांनी तुटू दिलं नाही. अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली औंधला संगीत उत्सव सुरू केला होता. वडिलांमागे बुवांनी तो चालू ठेवला. खटाव तालुक्यातल्या या छोट्या गावात देशातले मोठे कलाकार येऊन गातात.

१९८७ साली बुवा गेले. आज आपल्या गावातली पोरं मोबाईलवर बघून पेटी, ढोलकी, कीबोर्ड शिकतात. त्यात वाईट काहीच नाही, बुवाही व्हायोलिनमध्ये बरंचसं स्वतःच घडले होते. पण नाव झाल्यावरही दुसऱ्याच्या दारात जाऊन, समोर बसून शिकायची त्यांना कधी लाज वाटली नाही. पोरांनी मोबाईलवर बुवांचं वादन जरूर ऐकावं, आणि गावातल्या जुन्या भजनीबुवांकडेही एकदा जाऊन बसावं.