सर्वज्ञ दासोपंत : चरित्र आणि ग्रंथकर्तृत्व

अंबाजोगाई म्हटले की मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चे स्मरण प्रथम होते. त्याच गावी, सुमारे चार शतकांनंतर, गीता मराठीत आणण्याचा एक अवाढव्य उद्योग झाला, याची जाणीव अभ्यासकांतही अभावानेच आढळते.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ (इ. स. १५५१) मध्ये बिदरच्या राज्यातील नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत देशपांडे हे वसुलीचे अधिकारी होते. वसूल थकल्यामुळे दरबाराने लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले आणि प्रत्यक्ष दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या रूपाने येऊन रक्कम भरली, अशी कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेशी तिचे साम्य इतके उघड आहे की ती इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. मात्र दरबार आणि रयत यांच्या कचाट्यात सापडलेल्या वतनदाराच्या घरातील धास्ती तिच्यात उमटली आहे, असे मानण्यास हरकत नसावी. पुढे गृहत्याग करून दासोपंत माहूरला राहिले. गोदाकाठचे राक्षसभुवनही त्यांच्या चरित्रात येते. अखेरीस ते अंबाजोगाईत स्थिरावले.

गीतेवरील त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. मूळ श्लोक ७००. म्हणजे एका श्लोकामागे सरासरी पावणेदोनशे ओव्या झाल्या. ‘ज्ञानेश्वरी’त हे प्रमाण तेराच्या आसपास पडते. इतक्या विस्तारात पुनरुक्ती व्हावी हे ओघानेच आले. परंतु ज्ञानदेवांनंतर तीनशे वर्षांनी तीच गीता पुन्हा मुळापासून उलगडावी असे त्यांना वाटले, हा प्रश्न टीकाकारांनी पाल्हाळाचा ठपका ठेवण्यापूर्वी विचारावयास हवा होता. त्यांच्या लेखनाला रोज ढब्बू पैशाची शाई लागे, ही आख्यायिका याच अफाट लेखनातून जन्मली असावी.

लोकांना ठाऊक आहे ती ‘पासोडी’. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तविषय लिहिला. पंचमहाभूतांची विभागणी एकाच पटावर पसरून दाखविण्याची ही सोय पोथीच्या सुट्या पानांत मिळाली नसती. अंबाजोगाईत जतन झालेले हे वस्त्र पाहण्यास माणसे येतात; त्यावरील ओव्या वाचणारे थोडे.

शके १५३७ च्या माघात दासोपंतांचे देहावसान झाले. त्यांची समाधी अंबाजोगाईतच नृसिंहतीर्थावर आहे. त्याच सुमारास, १६१६ मध्ये, गोव्यात इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. परदेशातून आलेल्या या ग्रंथकाराच्या मराठी ओवीला छापखाना तेव्हाच लाभला. ‘गीतार्णवा’चा मोठा भाग मात्र महाराष्ट्रात मुद्रण रूढ झाल्यावरही दीर्घकाळ बाडांतच राहिला.