मायबाख : रील्समधली महागडी गाडी नव्हे, कार्बोरेटर घडवणारा माणूस

मेबॅक हे नाव तुम्ही रील्समध्ये नक्की ऐकलं असणार. कोटींची गाडी, मागच्या सीटवर टेकून बसलेला कुणीतरी, आणि मागे पंजाबी गाणं. मी मात्र हे नाव सर्च केलं ते राहुरीत, घराच्या अंगणात बसून, पेट्रोलने बरबटलेल्या बोटांनी. स्क्रीनवर अजून तो डाग आहे.

झालं असं की दिवाळीला घरी गेलो होतो. वडिलांची 1993 सालची शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी आहे. कंपनी सांगत नाही, आवाज ऐकला की तुम्हीच ओळखाल. ती रात्रभर उभी राहिली की खाली फरशीवर पेट्रोलचं डबकं व्हायचं. प्लग काळाकुट्ट. अ‍ॅव्हरेज विचारूच नका. आईचं म्हणणं, भंगारात द्या, एक दिवस घर पेटेल. वडील काही बोलत नव्हते, पण गाडीवरचं कव्हर रोज नीट करत होते. मी इंजिनिअर असल्याने (सॉफ्टवेअरचा, पण घरच्यांना तो फरक मान्य नाही) हे काम माझ्याकडे आलं.

कार्बोरेटर उतरवला, खालची कटोरी उघडली. आत एक हलका फ्लोट आणि त्यावर टेकलेली टोकदार पिन. तुमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जो फ्लोट असतो ना, अगदी तोच प्रकार. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर जातो आणि पिन भोक बंद करते. पेट्रोल कमी झालं की पिन खाली येते आणि भोक उघडतं. आमच्या पिनच्या टोकाला झिजून गोल खाच पडली होती. म्हणजे बंद हो म्हटलं तरी ती पूर्ण बंद होत नव्हती. ना सेन्सर, ना कोड, ना बॅटरी, तरी स्वतःची पातळी स्वतः राखणारी वस्तू. ही कुणाच्या डोक्यातून आली असेल, म्हणून शोधलं आणि एक जर्मन नाव समोर आलं : व्हिल्हेल्म मायबाख. जर्मन उच्चार मायबाखच आहे, मेबॅक नाही.

हा माणूस 9 फेब्रुवारी 1846 ला हाइलब्रॉन गावात एका सुताराच्या घरी जन्मला. आठ वर्षांचा असताना आई गेली, दहाव्या वर्षी वडील. नावात माय आणि जवळजवळ बाप, पण घरात दोघंही नाहीत. पाच भाऊ उघड्यावर पडले. ओळखीच्या लोकांनी वर्तमानपत्रात मदतीचं आवाहन दिलं आणि गुस्टाफ वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने व्हिल्हेल्मला रॉइटलिंगन इथल्या आपल्या आश्रमात घेतलं. आश्रम म्हणजे नुसता वसतिगृहाचा प्रकार नव्हता. तिथे शाळा होती, कारखाना होता आणि मुलांनी काम शिकून पायावर उभं राहावं अशी अपेक्षा होती. या पोराचा हात ड्रॉइंगमध्ये चालतो हे वेर्नरच्या लक्षात आलं. पंधराव्या वर्षी तो कारखान्याच्या डिझाइन विभागात लागला आणि जोडीला गणित, विज्ञान शिकत राहिला.

1863 मध्ये या कारखान्याची व्यवस्था लावायला गॉटलीब डाइम्लर आला. मायबाखपेक्षा बारा वर्षांनी मोठा, शिकलेला, तापट. एकोणीस वर्षांचा ड्राफ्ट्समन त्याच्या नजरेत भरला आणि त्यानंतर पस्तीस वर्षं ही जोडी तुटली नाही. डाइम्लर 1869 ला कार्ल्सरूहला गेला, मायबाख मागोमाग. 1872 ला कलोनजवळच्या डॉइट्स कंपनीत गेला, मायबाख तिथेही. ही निकोलाउस ऑटोची कंपनी. आज तुमच्या बाइकमध्ये जे फोर-स्ट्रोक चक्र चालतं ते ऑटोने 1876 मध्ये तिथेच उभं केलं, आणि ते कारखान्यात धडाधड तयार होण्याजोगं करण्यात मायबाखचा हात होता.

पण ते इंजिन म्हणजे जमिनीला खिळलेलं धूड. मिनिटाला दीडशे-एकशेऐंशी फेरे, आणि खायला कोळशाचा गॅस, तोही पाइपलाइनमधून. गाडीवर बसवायचं तर गॅसची पाइप कुठे नेणार? डाइम्लर आणि मायबाखला हलकं, जोरात फिरणारं, द्रव इंधन सोबत घेऊन चालणारं इंजिन हवं होतं. ऑटोशी खटके उडाले आणि 1882 मध्ये दोघं बाहेर पडले. स्टुटगार्टजवळ कान्स्टाटला डाइम्लरने घर घेतलं आणि बागेतल्या काचघराचं वर्कशॉप केलं. दोघं दार लावून रात्रंदिवस आत ठोकाठोक करायचे. माळ्याला संशय आला की इथे खोटी नाणी पाडतात. त्याने पोलिसांना कळवलं. हे दोघं नसताना पोलीस आत शिरले, तर आत फक्त इंजिनं आणि हत्यारं. आपल्याकडच्या गॅरेज स्टार्टअपच्या कथा ऐकून कंटाळा आला असेल तर ही ऐका, यात धाडसुद्धा पडली आहे.

आता मुख्य अडचण. पेट्रोल तेव्हा केमिस्टकडे डाग काढायचं औषध म्हणून मिळायचं. ते द्रव स्वरूपात जळत नाही, त्याची वाफ किंवा बारीक तुषार हवेत मिसळले तरच नीट जळतं. मिश्रणही अंदाजपंचे चालत नाही. वजनाने साधारण 15 भाग हवेला 1 भाग पेट्रोल. पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळा, कमी झालं तर इंजिन तापतं, खोकतं, बंद पडतं. 1885 च्या सुमारास मायबाखने जे उपकरण बनवलं त्यात हवा पेट्रोलच्या पातळीशी खेळवून तिच्यासोबत वाफ नेली जायची, आणि पातळी बदलली तरी हवेची नळी पेट्रोलमध्ये तेवढीच बुडलेली राहावी म्हणून तिला फ्लोट लावलेला. आमच्या कटोरीतल्या फ्लोटचा हा पणजोबा.

हे उपकरण, मायबाखचं उभं इंजिन आणि लाकडी सांगाडा मिळून जी वस्तू तयार झाली ती पेट्रोलवर चालणारी पहिली मोटरसायकल मानली जाते. राइटवागन तिचं नाव, अर्थ स्वारीची गाडी. 264 सीसी, अर्धा हॉर्सपॉवर, मिनिटाला 600 फेरे, वेग ताशी 12 किलोमीटरच्या आसपास. चाकं लाकडी, त्यांना लोखंडी धाव, आणि पडू नये म्हणून लहान मुलांच्या सायकलसारखी बाजूला दोन छोटी चाकं. स्पार्क प्लग नाही. पेटवायला लालबुंद तापवलेली नळी, तीही सीटच्या अगदी खाली. नोव्हेंबर 1885 मध्ये ती कान्स्टाटहून उंटरटुर्कहाइमकडे गेली. डाइम्लरच्या किशोरवयीन मुलाने, पाउलने, ती चालवली आणि वाटेत सीट पेटली असं सांगतात. आईची भीती अगदीच निराधार नव्हती म्हणायची.

मूळ गाडी 1903 मध्ये कारखान्याला लागलेल्या आगीत गेली. संग्रहालयांत दिसतात त्या प्रतिकृती.

वाफेच्या कार्बोरेटरमध्ये एक मोठा दोष होता. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांची खिचडी. त्यातला हलका भाग आधी उडून जातो, जड भाग तळाशी उरतो. सकाळी गाडी मस्त पळते आणि दुपारी त्याच टाकीवर मरगळते. थंडीत वेगळी, उन्हात वेगळी. रस्त्यावर हिंदकळली की आणखी वेगळी. ज्यांनी कधी प्रॉडक्शनमधला बग पकडायचा प्रयत्न केलाय त्यांना हे दुखणं कळेल : माझ्या मशीनवर चालतंय, बाहेर चालत नाही.

याचं उत्तर मायबाखला सापडलं ते त्याच्या आयुष्यातल्या पडत्या काळात. 1890 मध्ये डाइम्लरच्या नावाने मोठी कंपनी उभी राहिली, बाहेरचे भांडवलदार आले. त्यांनी मायबाखला दिलेल्या अटी त्याला पटल्या नाहीत आणि फेब्रुवारी 1891 मध्ये तो बाहेर पडला. ज्या इंजिनावर कंपनी उभी होती ते ज्याने काढलं, तोच कंपनीत नव्हता. आधी तो घरीच काम करत होता. मग 1892 मध्ये डाइम्लरने पैसे घालून कान्स्टाटच्या बंद पडलेल्या हर्मान हॉटेलचा हॉल भाड्याने घेतला. ज्या हॉलमध्ये पूर्वी नाच व्हायचे तिथे बारा कामगार आणि पाच शिकाऊ पोरं घेऊन मायबाख बसला.

तिथे 1893 मध्ये तयार झाला फवाऱ्याचा कार्बोरेटर. कल्पना उलटी केली : पेट्रोलची वाफ होण्याची वाट पाहायची नाही, त्याला शिंपडायचं. बाजूच्या कटोरीत फ्लोट पेट्रोलची पातळी धरून ठेवतो, ती नळीच्या तोंडाच्या जराशी खाली. इंजिन हवा ओढतं, तिथला दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल कारंज्यासारखं उडून हवेत मिसळतं. इंजिनाने जास्त ओढलं की पेट्रोलही जास्त येतं. हलकं-जड सगळं एकदम उडतं, त्यामुळे सकाळ-दुपारचा फरक गेला. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये डोनात बांकी आणि यानोश चोन्का यांनीही असाच कार्बोरेटर काढला. वेळ आली की एकच गोष्ट दोन ठिकाणी सुचते, त्यात कुणाचं कमी होत नाही.

इथे पुन्हा आमच्या अंगणात येऊ. नवी पिन बसवली, फरशीवरचं डबकं थांबलं. मी खूश. पण प्लग काळाच. पुढचे दोन दिवस मी स्क्रू पिळत बसलो आणि यूट्यूबवरच्या सगळ्या काकांचं ऐकलं. शेवटी गावातल्या मेकॅनिकने पितळी जेट डोळ्याला लावून आभाळाकडे धरला आणि हसला. बारीक छिद्रातून लांब सुई खालीवर होते. तीस वर्षं घासून गोल छिद्र लंबगोल झालं होतं, नुसत्या डोळ्यांनी धड दिसणार नाही इतकं. तेवढ्या फटीतून अर्ध्या रेसला जादा पेट्रोल जात होतं. मी मात्र चुकीच्या फाइलमध्ये बग शोधत होतो. (जेटमध्ये तार घालून साफ करू नका, छिद्र मोठं होतं. पेट्रोल आणि फुंकर पुरे. आणि हे सगळं उघड्यावर करा, जवळ कुणी बिडी पेटवणार नाही हे पाहून.)

जेट आणि सुई जोडीनेच बदलतात. पहिली जोडी नगरमधल्या एका दुकानातून आणली ती डुप्लिकेट निघाली, सुईची जाडीच वेगळी. दुसऱ्या खेपेला जुनी सुई सोबत नेली आणि शेजारी धरून मापली. राहुरी ते नगर दोन फेऱ्या, का तर पितळेच्या एवढ्याशा तुकड्यासाठी.

मायबाखचं पुढचं आयुष्य बाहेरून झगमगीत दिसतं. त्याचं नवं इंजिन इतकं चाललं की इंग्लंडच्या फ्रेडरिक सिम्सने परवान्यासाठी साडेतीन लाख मार्क देऊ केले, पण अट घातली की डाइम्लर कंपनीत परत हवा. 1895 मध्ये डाइम्लर परतला आणि मायबाख तांत्रिक प्रमुख म्हणून. मार्च 1900 मध्ये डाइम्लर वारला. त्याच वर्षी मायबाखने एमिल येलिनेक या हौशी गिऱ्हाइकासाठी 35 हॉर्सपॉवरची गाडी काढली : बुटकी, लांब, पुढे मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर. येलिनेकने तिला मुलीचं नाव दिलं, मर्सिडीज. 1901 च्या नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना धूळ चारली. फ्रान्समध्ये लोक मायबाखला डिझायनरांचा राजा म्हणू लागले.

कंपनीत मात्र डाइम्लर गेल्यावर त्याच्या मागे कुणी उरलं नाही. आश्रमात वाढलेला, कमी बोलणारा माणूस. त्याला हळूहळू बाजूला सारलं आणि 1907 मध्ये तो कायमचा बाहेर पडला, वय 61. मर्सिडीजवर नाव एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं, कंपनीवर डाइम्लरचं. मायबाखचं कुठेच नाही. मला हे वाचून राग आला, खोटं कशाला बोलू. गिटवर कमिट तरी राहतात.

त्याने रडत बसण्याऐवजी झेपेलिनला पत्र टाकलं. 1908 मध्ये झेपेलिनचं एक विमानजहाज जळालं होतं आणि त्याला चांगल्या इंजिनांची गरज होती. 1909 मध्ये या कामासाठी कंपनी निघाली, ती चालवायला मायबाखचा मुलगा कार्ल. महायुद्ध संपल्यावर जर्मनीला लढाऊ विमानांवर बंदी आली, म्हणून कार्लने 1921 पासून मोटारी काढल्या, आणि रील्समधलं नाव तिथून आलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात टायगर आणि पँथर रणगाड्यांतही मायबाख इंजिनंच होती. नगरचं रणगाडा संग्रहालय शाळेच्या सहलीत पाहताना हे माहीत असतं, तर गाइडला भंडावून सोडलं असतं.

व्हिल्हेल्म मायबाख 29 डिसेंबर 1929 ला कान्स्टाटमध्ये वारला, वय 83. ज्या दफनभूमीत डाइम्लर आहे तिथेच तोही आहे.

कार्बोरेटरचं म्हणाल तर 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 नियम आल्यापासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींतून तो जवळपास गेलाच. आता सेन्सर बघतात, छोटा कॉम्प्युटर हिशेब करतो, इंजेक्टर पेट्रोल शिंपडतो. शिंपडायचं हे मात्र 1893 चंच.

आमची गाडी दुसऱ्या किकला सुरू होते. अ‍ॅव्हरेज मी मोजला नाही, वडिलांनी मोजला आणि सांगितला नाही, पण पाहुण्यांना सांगताना ऐकलं. आईच्या सांगण्यावरून रोज रात्री पेट्रोलचा कॉक मात्र अजून बंद होतो.