डॉ. द्वारकानाथ कोटणीस : रणभूमीवरील वैद्यक आणि रुग्णाची भाषा

प्रास्ताविक

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना चरित्रनायकाच्या आयुष्यातील घटना जितक्या महत्त्वाच्या, तितकेच त्या घटनांमधून दिसणारे त्याच्या कार्याचे स्वरूपही महत्त्वाचे असते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. परक्या देशातील युद्धात जखमींची सेवा करताना ३२ व्या वर्षी मृत्यू पावलेला सोलापूरचा तरुण डॉक्टर, ही त्यांची सर्वपरिचित ओळख होय. त्यांनी चीनमध्ये चार वर्षे काम कसे केले आणि ते काम करण्यासाठी त्यांना काय शिकावे लागले, याचा विचार मात्र तुलनेने कमी झाला आहे. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा परिचय या अंगाने करून घ्यावयाचा आहे.

सोलापूर आणि मुंबई

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. सोलापूर हे कापडगिरण्यांचे आणि हातमागांचे शहर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा तेथील बाजारपेठेत व गल्लीबोळांत नित्य ऐकू येतात. समोरच्या माणसाची भाषा आपल्याहून वेगळी असू शकते, हा अनुभव अशा शहरात वाढणाऱ्या मुलाला लहानपणीच येतो. पुढील काळात कोटणीस यांनी परभाषा ज्या सहजतेने आपलीशी केली, तिचे एक मूळ या वातावरणात असावे, असे अनुमान करता येते. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ब्रिटिश सरकारने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला होता आणि १९३१ च्या जानेवारीत या शहरातील चौघांना फाशी देण्यात आले. कोटणीस त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होते.

वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. भारतीय डॉक्टरांना अध्यापनाची व उपचारांची संधी भारतीयांच्याच संस्थेत मिळावी, या भूमिकेतून हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. पदवी संपादन केल्यानंतर कोटणीस पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीत असतानाच त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले.

चीनकडे प्रस्थान

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये देशवासीयांना आवाहन करून निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे डॉ. मदनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धातील सेवेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य चौघे होत. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पथकाने मुंबई सोडली.

हाँगकाँगमार्गे पथक दक्षिण चीनमध्ये उतरले. जपानी सैन्याची आगेकूच चालू असल्याने शहरामागून शहर सोडीत ते छुंगछिंग येथे पोहोचले. तेथे पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या अखेरीस चीनचा वाचक असलेले 'हुआ' हे पद जोडण्यात आले. कोटणीस 'के दीहुआ' झाले. याच सुमारास वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. परतीचा मार्ग त्यांना खुला होता. त्यांनी पथकासोबत पुढे जाण्याचे ठरवले. घरातील कर्तव्य आणि स्वीकारलेले कार्य यांपैकी एकाची निवड करावी लागण्याचा हा प्रसंग त्यांच्या चरित्रातील पहिला कसोटीचा क्षण मानता येईल.

येनान : गुहेतील रुग्णालय

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक वायव्य चीनमधील येनान येथे पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरकड्यांत खोदलेल्या गुहांमध्ये तेथे लोकवस्ती होती आणि रुग्णालयही अशाच गुहांत भरत असे. विमानांतून होणाऱ्या बॉम्बहल्ल्यापासून गुहा संरक्षण देत. औषधे, भूल देण्याची द्रव्ये आणि शस्त्रक्रियेची उपकरणे यांचा मात्र सततचा तुटवडा होता. मलमपट्टीचे कापड धुऊन पुन्हा वापरले जाई. मुंबईच्या सुसज्ज रुग्णालयात शिकलेल्या शल्यविशारदाला येथे उपलब्ध साधनांत काय शक्य आहे, याचा विचार रोज नव्याने करावा लागे.

रुग्णाची भाषा

साधनांच्या अभावाइतकीच मोठी दुसरी अडचण भाषेची होती. रुग्ण प्रामुख्याने शेतकरी कुटुंबांतून आलेले सैनिक होते. रुग्णाची तक्रार दुभाष्यामार्फत ऐकणे म्हणजे निदानाचा मोठा भाग तिऱ्हाइतावर सोपवणे होय. मराठीतील उदाहरण घेऊ. ठणकणे, सलणे, चमकणे, ठसठसणे ही सर्व क्रियापदे वेदना सांगतात, परंतु प्रत्येकातून वेदनेचा वेगळा प्रकार सूचित होतो. ठसठसणाऱ्या जखमेत पू झाला असावा, हे मराठी डॉक्टरला त्या एका शब्दावरून जाणवते. भाषांतरात या सर्व छटा केवळ 'दुखते' एवढ्याच उरण्याचा धोका असतो.

चिनी भाषा मराठीभाषकाला सोपी नाही. मराठीत सूर बदलल्याने वाक्याचा भाव बदलतो, चिनीत सूर बदलल्याने शब्दाचा अर्थच बदलतो. 'मा' हे एकच अक्षर सुराच्या चढउतारानुसार आई, घोडा किंवा रागावणे असे भिन्न अर्थ देते. लिपीही वर्णमालेवर आधारलेली नाही, तेव्हा हजारो चिन्हे स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी लागतात. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दिवसभराच्या कामानंतर कोटणीस यांनी ही भाषा शिकण्यास आरंभ केला. ती ते अस्खलित बोलू लागले, पुढे लिहूही लागले. रुग्णाशी थेट संवाद साधता येऊ लागल्यावर त्यांच्या कार्याचे स्वरूपच पालटले.

आघाडीवरील कार्य

येनानमधील कामानंतर पथकातील काही सदस्य प्रकृतीच्या व अन्य कारणांनी मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू यांनी शत्रूच्या पिछाडीस असलेल्या शान्शी-चाहार-हपै सीमाप्रदेशाची वाट धरली. कॅनडाचे विख्यात शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांची ही कर्मभूमी. स्पेनच्या युद्धात बेथ्यून यांनी फिरत्या रक्तसंक्रमण पथकाचा प्रयोग केला होता. जखमी रुग्णालयात येईपर्यंत बराच वेळ जातो, म्हणून शल्यविशारदानेच जखमींकडे जावे, हे त्यांच्या कार्यपद्धतीचे सूत्र होते. चीनमध्ये त्यांनी जनावरांच्या पाठीवरून साहित्य नेणारी शस्त्रक्रिया पथके उभारली. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची अपुरी राहिलेली जबाबदारी कोटणीस यांच्याकडे आली.

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेने 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' सुरू केली. या काळात कोटणीस यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि एका प्रसंगी सलग ७२ तास विश्रांतीवाचून शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे.

शिक्षक कोटणीस

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून कोटणीस यांची नियुक्ती झाली. रुग्णालयाबरोबर वैद्यकीय विद्यालयही होते आणि तेथे ते चिनी भाषेतून शल्यशास्त्र शिकवू लागले. त्यांच्या कार्याचा हा सर्वांत दूरगामी भाग होय. एक शल्यविशारद दिवसाला मोजक्याच शस्त्रक्रिया करू शकतो आणि तो गेल्यावर त्याचे हात थांबतात. त्याने शिकवलेले सहायक व परिचारिका मात्र गावोगावी विखुरतात आणि त्यांच्याकडून काम पुढे चालू राहते. अल्पशिक्षित तरुणांना हे ज्ञान द्यावयाचे तर ते त्यांच्याच भाषेत द्यावे लागणार, हे ओळखून त्यांनी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक चिनी भाषेत लिहिण्याचे काम हाती घेतले. त्यातील उत्तरार्धाचे लेखन त्यांच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिले.

परिचर्याशास्त्राच्या शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

अखेर

कोटणीस यांना चीनमध्ये अपस्माराचे झटके येऊ लागले होते. युद्धक्षेत्रात त्यावर पुरेसे उपचार होणे शक्य नव्हते. उपचारांसाठी अन्यत्र जाण्याचा सल्ला त्यांना मिळाला, तो त्यांनी मानला नाही. रुग्णालय, विद्यार्थी आणि पुस्तक सोडून जाणे त्यांना मान्य नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातील गगुंग या खेड्यात अपस्माराच्या तीव्र झटक्याने त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. इतरांची शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या आजाराकडे किती काळ दुर्लक्ष करावे, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून उभा राहतो. युद्धात सेवा देणाऱ्या वैद्यकीय पथकांपुढे तो आजही उभा आहे. कोटणीस यांच्या त्यागाचा गौरव करताना या प्रश्नाचा विसर पडू नये. त्यांची समाधी आज श-ज्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत आहे आणि सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर झाले आहे.

समारोप

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट निर्माण केला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटामुळे कोटणीस भारतभर घरोघरी पोहोचले. लोकमानसातील त्यांची प्रतिमा घडवण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे. चित्रपटाला नाट्यपूर्ण प्रसंगांची गरज असते. रात्री दिव्याच्या उजेडात परक्या लिपीची चिन्हे गिरवणारा डॉक्टर, दिवसामागून दिवस तेच धडे शिकवणारा अध्यापक ही दृश्ये पडद्यासाठी फारशी सोयीची नसतात. चरित्रवाङ्मयाला मात्र त्यांचे मोल अधिक असते, कारण व्यक्तीचे कार्य तिच्यामागे कसे टिकते, याचे उत्तर अशाच तपशिलांत मिळते. कोटणीस यांनी रुग्णाची भाषा आत्मसात केली, म्हणून त्यांना रुग्णाची वेदना नेमकी कळली आणि आपली विद्याही त्याच्या लोकांच्या हाती सोपवता आली. आपत्तीत सापडलेल्या परक्या समाजाला मदत करू इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी त्यांच्या चरित्राचा हाच विशेष महत्त्वाचा आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. कोटणीस यांच्या वैद्यकीय कार्यात भाषाज्ञानाचे स्थान कोणते होते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या बोलीत वेदनेचे प्रकार दर्शवणारे शब्द संकलित करा व त्यांच्या अर्थच्छटांतील भेद लिहा.
३. चरित्रग्रंथ आणि चरित्रपट यांच्या प्रकृतीतील फरक प्रस्तुत पाठाच्या आधारे सांगा.